मागचे दोन गुंठे

वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, तेराव्याला चार दिवस होतात न होतात तोच मल्हारीने बहिणीपुढे कागद ठेवला. सणसवाडीतल्या बारा खोल्या आणि त्यांच्यामागचे मोकळे दोन गुंठे बिल्डरला द्यायचे होते. सोजरची सही तेवढी राहिली होती.

सोजर दौंडच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायची. हे सगळं तिने कितीदा तरी फळ्यावर मांडलं होतं. कारखान्यात नफा मावेनासा झाला की पैसा जमिनीत, भिंतींत शिरतो. तिथं अडला की आपणच बांधलेलं पाडून पुढं सरकतो. कंपनी आली तेव्हा आबांनी मेंढरं विकून कामगारांसाठी खोल्या बांधल्या. पुढे कंपनी परराज्यात गेली आणि निम्म्या खोल्यांना कुलपं लागली. आता तिथं चार मजले होणार होते. तिच्या प्रबंधात आबा होते, नाव न घेता. मागची जागा भाव चढण्याची वाट बघत पडीक ठेवली आहे, असं तिने लिहिलं होतं. आबांना विचारलं नव्हतं. पुस्तकांत उत्तर होतं.

"अक्का, वाचतीस काय एवढं? तुझ्याच पुस्तकातलं हाय समदं."

"म्हणूनच वाचते."

तेवढ्यात मागं मेंढरांचा कालवा झाला. शिरूरकडून कोकणात निघालेला म्हातारा मेंढपाळ कोंडिबा कळप घेऊन सरळ त्या जागेत शिरला होता.

"ज्योतिबा कुठं हाय? पाणी सोडाय सांगा."

"आबा गेले, मामा. सतरा दिवस झाले."

म्हाताऱ्याने काठीवर हनुवटी टेकली. "रस्त्यानं समदीकडं तारंची कुंपणं झाली. धा वर्सं हितंच मुक्काम. मीच म्हणलं, बांध की हितं बी खोल्या. तर म्हणला, मंग तू कुठं उतरशील, माझ्या डोक्यावर?"

मल्हारी हसला. सोजरने जाऊन नळ सोडला.

"खोल्यांपुरता कागद करून आण," ती परत येऊन म्हणाली. "मागची जागा वगळ."

"मंग बिल्डर यायचा न्हाई. रस्ता तिथनंच काढायचाय."

"नको येऊ दे."

"आन् उद्या मेंढरंच राह्यली न्हाईत तर?"

पुस्तकं मल्हारीच्याच बाजूने होती. तिने कागदाची घडी करून त्याच्या हातात दिली आणि कोंडिबाकडे वळली.

"मामा, किती माणसं आहात? भाकरी टाकते."