सोसलं असेल तर सांगा

“खोटं वाटेल तुम्हाला, कुणालाच पटत नाही, पण या हातांनी मी सर्कशीतला हत्ती लिफ्टमधून गच्चीवर नेलाय,” लिफ्टवाला म्हणाला. “मध्येच लिफ्ट अडकली. आत मी आणि हत्ती. दिवे गेले, पंखा बंद. शेवटी त्यानंच कान हलवून मला वारा घातला, म्हणून आज तुमच्यासमोर बसलोय.”

कॉलेजच्या त्या लांबलचक व्हरांड्यात मुलाखतीला आलेल्या मुलांचे आईबाप बाकांवर बसले होते. सकाळपासून सगळ्यांचे चेहरे इस्त्री मारल्यासारखे ताठ होते. ते आता कुठे जरा चुरगळले. टाय लावलेल्या एका गृहस्थांना तर ठसकाच लागला.

“अहो, पुरे आता,” बायको दबक्या आवाजात म्हणाली. “आत्ता पोरीचं नाव पुकारतील.”

“अगं, सगळ्यांच्या पोटात गोळा आलेला. जरा हलका केला.”

“आणि माझ्या पोटातल्याचं काय?”

तिच्या पोटात तो गोळा अर्ज भरायला सुरुवात झाली तेव्हापासून होता. इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींचे डोंगर उपसणारी बाई ही. यंत्र अडलं तर यंत्राला दटावून चालू करणारी. पण मुलीचे कॉलेजचे अर्ज निघाले आणि तिची झोप उडाली. अर्ज पोचला का, पोचला तर उघडला का, उघडला तर वाचला का, असं दिवसभर चालायचं. लिफ्टवाल्याचंही काही वेगळं नव्हतं. परवा एका इमारतीत लिफ्ट दुरुस्त करताना त्याने वरच्या मजल्याचं बटण तळघराला जोडून ठेवलं, आणि वर राहणारी सगळी मंडळी दप्तरं, पिशव्या, कुत्रं घेऊन तळघरात जाऊन पोचली. कामावर त्याला सगळे ‘थापाडे’च म्हणत, आडनाव काय ते हजेरी घेणाराही विसरला होता. त्यामुळे ही तळघराची हकिगत त्याने साहेबाला स्वतःहून सांगितली, तर ही पण थापच समजून साहेब पोट धरून हसला आणि कामाला जा म्हणाला.

या सगळ्या तापाचं मूळ म्हणजे एक निबंध. ‘तुमच्या आयुष्यातला सर्वांत मोठा संघर्ष.’ जे ते कॉलेज हेच विचारत होतं. मुलगी घरात भिंगरी म्हणून ओळखली जायची. तिने आधी मुंग्यांवर लिहिलं होतं. लहानपणापासून तिला तोच नाद. भिंतीवर मुंग्यांची रांग निघाली की ही मध्ये बोट आडवं धरायची आणि रांग कुठून वळते ते बघत बसायची. जेवायला हाक मारली तर ऐकू यायचं नाही. शिकायचंही तेच होतं, किडामुंगीचं शास्त्र.

शाळेतल्या सल्लागार बाईंनी तिघांना बोलावून तो निबंध दोन बोटांत धरला.

“लिहिलंय छान. पण मुंगी वाचून कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही.”

“डोळ्यात चावली तर येतं,” लिफ्टवाला म्हणाला.

बाई हसल्या नाहीत. “घरात काही आजारपण? अपघात? तुम्ही दोघं वेगळे राहता का?”

“एका पलंगावर झोपतो,” बायको म्हणाली. “घोरतात हे. तो संघर्ष चालेल?”

“उपासमार? निदान एखादी आग?” बाईंनी पेन खाली ठेवलं. “मग अवघड आहे हो. तुमच्या मुलीला काही म्हणजे काहीच सोसावं लागलेलं नाही.”

आणि हे त्यांनी कसं सांगितलं? मुलीला लस टोचून घ्यायची राहिली म्हणून आईबापांना झापावं, तसं.

घरी परतताना लिफ्टवाला रस्ताभर फणफणत होता. भिंगरी पुढे चालली होती, हे दोघं मागे.

“ऐकलंस? तिला सोसायला लागू नये म्हणून जन्म घालवला आपण. आणि ही बया म्हणते, तेवढंच द्यायचं राहिलं! म्हणजे उपाशी ठेवायला हवं होतं पोरीला. बदडायला हवं होतं. मग म्हणाल्या असत्या, वा, काय आईबाप आहेत!”

“हळू बोला.”

“का हळू? जखमा बघायला मागतात हे लोक, बाजारात वांगी दाबून बघावीत तशा! हिची जखम कोवळी आहे, त्याची चांगली पिकलीय. थू!”

“हळू बोला म्हणते ना. पोरगी ऐकेल.”

पोरीने ऐकायला नको होतं, कारण सोसण्यासारखं या घरात झालंच नव्हतं असं नाही. भिंगरी लहान होती तेव्हा लिफ्टवाल्याची कंपनी बुडाली. त्याच सुमाराला बायकोच्या छातीत गाठ निघाली. तो सकाळी हत्यारांची पिशवी घेऊन कामाला निघाल्यासारखा निघायचा आणि गोदामात पिठाची पोती वाहायचा. डोकं पांढरं करून परत आला की भिंगरी विचारायची, “बाबा, हे काय?” मग तो दार लोटून घ्यायचा आणि कानात सांगायचा, की सरकारने समुद्राच्या तळाशी जाणारी गुप्त लिफ्ट बांधलीय, तिच्यावर आपली नेमणूक झालीय आणि हे समुद्राचं मीठ आहे. रोज नवा मासा, रोज नवा मजला. आई इस्पितळात उलट्या काढत होती आणि घरात पोरगी देवमाशाला लिफ्टचं दार कसं लागलं ते ऐकून लोळून हसत होती. त्या वर्षाला ती अजून ‘समुद्राचं वर्ष’ म्हणायची. तिच्या आठवणीतलं सगळ्यांत सुंदर वर्ष.

“सांगू या का तिला?” रस्त्यात बायकोने विचारलं. “मोठी झाली आता. लिहील दोन ओळी. खरंच तर आहे.”

“आणि ते वर्ष? दिलेलं परत काढून घ्यायचं?”

“कॉलेज मिळालं नाही तर?”

त्याने पावलं उचलून भिंगरीला गाठलं. नंतर एकेका कॉलेजचा नकार येत गेला तरी तिने पुन्हा विचारलं नाही. भिंगरीने निबंधात सरळ लिहून टाकलं होतं, की मला संघर्ष करावा लागला नाही, मात्र मुंग्यांना लागतो. सगळ्यांनी नाही म्हटलं. बोलावलं ते फक्त या एका कॉलेजने. ही शेवटची आशा.

नाव पुकारलं. तिघंही आत गेले. लांब टेबलापलीकडे तिघेजण. बोलत होते ते मधले सर.

“तुझा मुंग्यांचा अभ्यास आवडला आम्हाला,” ते म्हणाले. “पण मूळ प्रश्नाचं उत्तर येत नाही. आम्हाला अशी मुलं हवीत जी कशातून तरी तावूनसुलाखून आलीत. आठवून बघ. काहीच नाही?”

“नाही, सर,” भिंगरी म्हणाली. “माझं खरंच सगळं छान गेलं.”

मधल्या सरांनी शेजारच्याकडे बघितलं. शेजारच्याने पेनाला टोपण लावलं.

लिफ्टवाल्याने ते टोपण बघितलं. मग मुलीचा चेहरा बघितला. ती अजून हसतच होती, कारण टोपण लागलं म्हणजे नकार, हे तिला कळलं नव्हतं.

“सोसलंय, सर,” तो म्हणाला.

बिनरंगाची गोष्ट सांगायची सवय नसल्यामुळे तो अडखळत होता. “माझं काम गेलं होतं. मी पोती उचलायचो. पिठाची. हिच्या आईला गाठ झाली होती. छातीत. औषधानं तिचे केस गेले, सगळेच. घरात ही लहान. कधी नुसत्या पेजेवर...” पुढे त्याला काही सुचेना. हत्ती नाही, देवमासा नाही. सांगायचं ते एवढंच होतं.

पलीकडे टोपण निघालं. पेन भराभर चालू लागलं. शेजारच्याची मान सहानुभूतीने तिरपी झाली. लिफ्टवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते टेबल उचलून या तिघांच्या अंगावर टाकावं असं त्याला वाटलं. पण मुलीसाठी हात मांडीवर दाबून बसून राहिला.

“बाबा!” भिंगरी खळखळून हसली. “काय हे! सर, यांचं मनावर घेऊ नका हं. हे थापा मारतात, सगळ्यांना माहितीय. तेव्हा हे समुद्राच्या लिफ्टवर...” ती थांबली. “म्हणजे ती यांनी मला लहानपणी सांगितलेली गोष्ट, जाऊ दे. पण आईचं तसं काही नव्हतं. आई मावशीकडे गेली होती. मावशी केस कापायला शिकत होती. आईच्याच डोक्यावर सराव केला तिने, आणि कात्री चालली ती थांबेचना, म्हणून सगळेच...”

शेवटचे शब्द तिने सावकाश उच्चारले. इतकी वर्षं मनात जपलेली ती गोष्ट तिने पहिल्यांदाच परक्या माणसांपुढे काढली होती, आणि परक्या माणसांपुढे ती कशी दिसते ते तिला आता दिसत होतं. तिने वळून आईकडे बघितलं.

“नक्की खरं काय?” मधल्या सरांनी विचारलं.

“ही म्हणते तेच, सर,” लिफ्टवाला घाईघाईने म्हणाला. “कात्रीच चालली. पोरीला जागा मिळावी म्हणून मी आपलं दिलं ठोकून. काढून टाका ते. मुंग्यांवर बघा काय होतं ते, नाहीतर राहू द्या.”

धुलाईघरातली बाई उठून उभी राहिली. नवऱ्याकडे बघितलं नाही, टेबलाकडेही नाही. मुलीच्या खांद्यावर हात ठेवला.

“थाप,” ती मोठ्याने म्हणाली. “पोतीही खरी, गाठही खरी. यांनी ही आत्ता कात्रीची मारली ना, तेवढीच थाप.”