फुलपाखरांची किटा

रोज सकाळी तो ठिपका परत यायचा. निशिगंधानं आदल्या दिवशी पुसलेला असायचा, आणि कॉफीचा मग टेबलावर ठेवून तिनं कॉम्प्युटरवर नकाशा उघडला की महाशय आपल्या जागी हजर. भोवती लाल वर्तुळ, आणि त्या वर्तुळात नेमकं अडकलेलं बाड हॉम्बुर्गजवळचं एक रिकामं गोदाम.

आदल्या वर्षीपासून जर्मनीत डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गांजा मिळायला लागला होता. पुण्यात ज्याचं नुसतं नाव काढलं असतं तरी आईनं कान उपटला असता, त्याच्यासाठी जागा हुडकणं हे आता निशिगंधाचं पोटापाण्याचं काम होतं. एका कंपनीला औषधी गांजा साठवायचा होता. जागा गेवेर्बेगेबीटमध्ये, म्हणजे उद्योगांसाठी राखलेल्या भागात हवी आणि शाळा, किटा यांच्यापासून लांब हवी, अशी कंपनीची अट. किटा म्हणजे आपली बालवाडी. हे गोदाम सगळ्यात चपखल बसत होतं. आडवा येत होता तो हा ठिपका. नाव ‘श्मेटरलिंगे’, फुलपाखरं.

जर्मन किटांना अशीच गोडगोड नावं असतात, त्यामुळे तिला शंका आली नव्हती. फोन नंबर मात्र कुठेच सापडत नव्हता. तो परत का येतो हेही तिला ठाऊक होतं. तिचा प्रोग्राम रोज गावाची माहिती नव्यानं उचलायचा आणि ‘किंडर’, मुलं, हा शब्द दिसला की ती जागा किटांमध्ये टाकायचा. नियम तिनंच लिहिलेला. पण कारण कळलं म्हणून भीती थोडीच जाते? पुसायला जाताना तिला कुणीतरी पुसू नकोस म्हणतंय असं वाटायचं.

तिची मुलगी सातव्या महिन्यात जन्मली होती, रडलीच नव्हती. सासूबाई फोनवर म्हणाल्या होत्या, “दात न आलेल्या बाळाला मातीतच ठेवतात गं. हॉस्पिटलवाले करतील सगळं. तुम्ही दोघांनी मागे वळून बघायचं नाही.” नवऱ्यानं, वेदांगनं, सह्या केल्या आणि त्यानंतर तो विषय कधीच काढला नाही. कुठे ठेवलं, हे तिनं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. त्या गप्प बसण्याबद्दल तिनं त्याला अजून माफ केलं नव्हतं. घरात दुपारी एकटी असली की तिला कुणीतरी कुरकुरल्याचा आवाज यायचा, तोही तिनं त्याला सांगितला नव्हता.

“आल्झो, तर मग, ती किटा चालू आहे की बंद?” तिची बॉस फ्राऊ लिंडनर वैतागली. “जाऊन बघून ये. बंद असेल तर काढून टाक. उद्या करार आहे.”

धुकं होतं. गोदामाच्या मागे एक भिंत, भिंतीला छोटं फाटक. कराराप्रमाणे इथूनच ट्रकचा रस्ता जाणार होता, भिंतीवर काटेरी तार आणि कॅमेरे बसणार होते. निशिगंधा आत गेली. किटा नव्हतीच. घसरगुंडी नाही, झोपाळा नाही. नुसतं गवत, आणि गवतात खोचलेली रंगीत भिरभिरी. वारा पूर्ण पडला होता, तरी त्यातलं एक फिरत होतं.

पलीकडे दगडी क्रॉसच्या रांगा दिसल्या आणि तिला कळलं, हा दफनभूमीचा कोपरा आहे. न जगलेल्या बाळांना जर्मन लोक ‘श्मेटरलिंग्सकिंडर’, फुलपाखरू-मुलं, म्हणतात. मधल्या दगडावर कोरलं होतं, ‘ज्यांना राहता आलं नाही, त्या मुलांसाठी’. खाली हॉस्पिटलचं नाव. तिचंच हॉस्पिटल.

फिरणाऱ्या भिरभिऱ्यापाशी एक गोटा होता. त्यावर पांढऱ्या रंगानं देवनागरीत लिहिलेलं, मैथिली. पोटात असताना दोघांनी ठरवलेलं आणि नंतर कुणीच न उच्चारलेलं नाव. अक्षरांवर रेघ नव्हती. वेदांग कधीच रेघ मारत नाही, मास्तरांचा मार खाऊनही नाही. रंग ताजा होता, पावसानं धुतला जातो म्हणून पुन्हापुन्हा दिलेला.

ती ओल्या गवतात बसली. “मेल्या,” ती मोठ्यांदा म्हणाली, “एकटाच येत होतास!” राग आला, आणि रागाच्याही वर त्याची इतकी माया दाटून आली की तिला रडताना श्वास घेता येईना. तिनं गोट्यावर तळवा ठेवला. गार होता. आत आल्यापासून कानात चाललेली ती कुरकुर थांबली होती.

फोन वाजला. फ्राऊ लिंडनर.

“आल्झो? किटा आहे?”

“इमारत नाही,” निशिगंधा म्हणाली. “पण मुलं आहेत. ठिपका राहू दे.”

“मुलं किती? पाच-सहाच असतील तर कंपनीला पटवता येईल मला.”

“मोजली नाहीत,” ती म्हणाली. “एक माझी आहे.”