श्रीपादरावांचं गवत

किल्ल्याच्या कड्याकपारी धुंडाळून श्रीपादराव गवतं गोळा करायचे, वाळवून जाड कागदांवर चिकटवायचे. संस्थानी दरबारच्या काळात सुरू झालेलं हे सरकारी काम पुढे मध्यभारत राज्यातही टिकलं. छप्पन्न साली मध्यभारतच नव्या प्रांतात विरघळला आणि हुकूम आला, संग्रह भोपाळला पाठवा. शास्त्रीय नाव असेल तेवढंच न्यायचं, बाकीचं टाकून द्यायचं.

किल्ल्याखालच्या लष्कर नावाच्या पेठेतल्या त्यांच्या घरी जबलपूरकडचे एक साहेब निवड करायला बसले. एका कागदावर त्यांचा हात थांबला. वीतभर गवत, खाली नावाचा रकाना रिकामा.

"पंडितजी, इसका नाम?"

नाव होतं की! गवत श्रीपादरावांनी शोधलं, म्हणून कलकत्त्याच्या शास्त्रज्ञांनी त्यांच्याच सन्मानार्थ त्याला 'श्रीपादी' म्हटलं होतं. पण आपलीच पाठ आपण कशी थोपटायची, म्हणून या भल्या माणसाने ते कागदावर कधी लिहिलंच नाही. आताही कानाच्या पाळ्या लाल करून म्हणाले, "है कुछ... छोड़िए." विनयालाही काही सीमा असावी!

साहेबांनी कागद रद्दीच्या ढिगात टाकला.

दारात इंदुताई उभ्या होत्या. नवऱ्याचं नाव न घेण्याचा नेम त्यांनी लग्नापासून पाळलेला; 'अहो' आणि 'इकडून' यांवर अख्खा संसार केला. पण उन्हातान्हात तंगडतोड करून मिळवलेलं ते गवत आता बंबात जाणार, हे पाहून त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"रुकिए साहब! नाम है."

"तो बताइए."

जीभ अडली. नेम मोडायचा कसा? मग आठवलं, उखाण्यात नाव घ्यायला कुठे बंदी आहे! पदर खोचून त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"किल्ल्याच्या कपारीत गवताला फुटला तुरा,
श्रीपादरावांचं नाव लिहून, साहेब, रकाना करा पुरा!"

साहेबांना मराठी उमगेना.

"मतलब श्रीपादी," इंदुताई म्हणाल्या. "कलकत्तेवालों ने इन्हीं के नाम पर रखा है. लिखिए."

साहेब उठले. श्रीपादरावांना त्यांनी हात जोडले, कागद रद्दीतून काढून झटकला, त्यावर नाव लिहिलं आणि तो गठ्ठ्यात सगळ्यांत वर ठेवला.

गठ्ठे घेऊन टांगा निघून गेला. श्रीपादरावांचे डोळे भरून आले होते.

"एकदा अजून म्हण ना, इंदू."

"इश्श! माझं म्हणून झालं," इंदुताई म्हणाल्या. "आता भोपाळ म्हणेल."