मोठीची पदवी आणि मी, हॉलमधला फळा

मी एक जुना पांढरा फळा आहे, मित्रांनो. 'पांढरा' हा शब्द आता माझ्या बाबतीत जरा सांभाळूनच वापरावा लागतो. माझा एक कोपरा पिवळसर पडला आहे आणि खालच्या चौकटीला पोचा आहे. तरीही मी एका घराच्या हॉलमध्ये, सोफ्याच्या समोर, अगदी मानाच्या जागी आहे. ही जागा मला कशी मिळाली, ते तुम्हाला सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पातळ पोलादी पत्र्यावर काचेच्या भुकटीचा लेप देऊन तो भट्टीत घातला, आणि भुकटी वितळून पत्र्याला कायमची चिकटली. म्हणून माझी त्वचा गुळगुळीत आहे. शाई माझ्यावर बसते, आत शिरत नाही. तपासणाऱ्या बाईंनी माझ्यावर एक रेघ ओढली, बोटाने पुसली आणि "हा चालेल" म्हणाल्या. तेवढे कौतुक मला बरीच वर्षे पुरले.

तिथून मी एका विमा कंपनीच्या कचेरीत गेलो. दर सोमवारी साहेब बैठकीत माझ्यावर एक बाण काढत, आणि तो नेहमी वरच जात असे. एकदा बोलण्याच्या भरात त्यांनी भलताच पेन उचलला, न पुसल्या जाणाऱ्या शाईचा, आणि माझ्या छातीवर ठळक लिहिले, 'यंदा दुप्पट!' ते यंदा सरले, पुढचेही सरले. साहेब बदलले. 'यंदा दुप्पट!' तसेच राहिले. नवे साहेब त्याला वळसा घालून लिहीत. मग खोलीत मोठा स्क्रीन आला आणि माझी रवानगी कपाटामागे झाली. तिथे मला फक्त भिंत दिसे, आणि भिंतीला मी.

त्याच कचेरीत एक मुलगी होती. कोणत्या पॉलिसीला किती हप्ता लावायचा याची आकडेमोड करणे हे तिचे काम. घरी तिला 'मोठी' म्हणतात. धाकटी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, तरी हिचे मोठेपण काही सुटले नाही. कचेरीने जागा बदलली तेव्हा मला भंगारात काढायचे ठरले. मोठीने विचारून मला मागून घेतले आणि टेम्पोत घालून घरी आणले.

दार आत्याने उघडले. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. ती याच घरात राहते आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीवर तिचे मत तयार असते.

"भिंतीला काय धाड भरली होती? हे एवढं कशाला?"

"लिहायला, आत्या."

"का, वह्या संपल्या का जगातल्या?"

बाबा लिफ्ट दुरुस्तीचे काम करतात. त्यांनी ड्रिल आणले, भोके पाडली, मला टांगले आणि मी कुठे कलत तर नाही ना, हे लांबून, जवळून, मान वाकडी करून पाहिले. मोठीने माझ्या छातीवरच्या जुन्या अक्षरांवर साध्या, पुसायच्या पेनने गिरवायला सुरुवात केली.

"अगं, आधीच काळं आहे, त्यावर आणखी काळं?" आई म्हणाली.

"ओल्या शाईत जुनी शाई विरघळते, आई. बघ." तिने फडके फिरवले, आणि 'यंदा दुप्पट!' गेले. मित्रांनो, इतक्या वर्षांनी मी मोकळा श्वास घेतला. तुमच्याही फळ्यावर कोणी असे काही लिहिले, तर ही युक्ती लक्षात ठेवा.

मोठीला माझी गरज होती, कारण तिला एक मोठी गोष्ट ठरवायची होती. एका विद्यापीठाने तिला क्वांटिटेटिव्ह फायनान्स या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश देऊ केला होता. येणार की नाही, हे महिन्याअखेर कळवायचे होते.

"नाव तरी बघा," आत्या म्हणाली. "म्हणजे शेवटी बँकच ना?"

"नाही गं. भाव, व्याज, हे सगळं उद्या कुठे जाईल ते कोणालाच सांगता येत नाही. पण कुठवर जाऊ शकेल, याचं गणित करता येतं. ते शिकायचंय."

"आणि आत्ता काय करतेस मग?"

"आत्ता सूत्र वरून येतं. मी त्यात आकडे भरते. सूत्र चुकीचं वाटलं तरी भरते. मला ते सूत्र मांडता यायला हवं, आत्या."

आत्याने हातातले काम बाजूला ठेवले आणि ती ऐकायला बसली. ते घरात फारसे होत नाही.

मोठीने माझ्यावर दोन रकाने आखले. पहिल्यात नोकरी सोडून दीड वर्ष शिकायचे. दुसऱ्यात नोकरी ठेवून संध्याकाळच्या वर्गांना अडीच वर्षे जायचे. फी, पुस्तके, प्रवास, परीक्षा, सगळे एकाखाली एक आले. पहिल्या रकान्याची बेरीज इतकी मोठी झाली की आत्याने पदर तोंडावर धरला. मोठी आईला एकेक ओळ समजावून सांगू लागली. हा न मिळणारा पगार. हा घरखर्चातला माझा वाटा. आणि तिथे ती थांबली.

"काय झालं?"

"घरखर्च मी पगारातूनच देते. पगार गेला असं एकदा धरल्यावर हा वेगळा कसा जाईल? एकच पैसा मी दोनदा घालवलाय."

"आणि ही जगाला पैशाचं गणित शिकवणार!" आत्याने टाळी वाजवली. सगळे हसले. मोठी सर्वांत जास्त हसली, आणि तिने ती ओळ पुसली. तरी पहिल्या रकान्यात तिची सगळी पुंजी संपून वर कर्ज होत होते. दुसरा रकाना जड होता, पण उचलण्याजोगा. पैशाचा प्रश्न असा त्या संध्याकाळी सुटला.

खरा प्रश्न आईने विचारला. आई रुग्णालयात परिचारिका आहे आणि माणसे दमली की कशी दिसतात, हे तिला पक्के माहीत आहे.

"पैशाचं झालं. वेळ कुठे मांडलायस? कामावरून आल्यावर वर्ग, वर्गावरून आल्यावर अभ्यास. तू झोपणार कधी? कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला काय झालं होतं, विसरलीस?"

मोठी विसरली नव्हती. त्या वर्षी ती परीक्षेच्या आधी चक्कर येऊन पडली होती आणि दोन पेपर रुग्णालयातच बुडाले होते. तेव्हापासून आई तिच्या पुस्तकांकडे जरा रागानेच पाहत असे.

"फी भरून मग झेपलं नाही म्हणालीस, तर पैसेही गेले आणि तब्येतही," आई म्हणाली. "मी नको म्हणत नाही. मला दाखव की झेपतं."

हे कसे दाखवायचे? बाबांच्या कामात एक पद्धत आहे. नवी लिफ्ट माणसांसाठी खुली करण्याआधी तिच्यात वजने ठेवून ती वरखाली चालवतात. तिला म्हणतात लोड टेस्ट. या घरात सगळ्याचीच लोड टेस्ट होते. नवी खुर्ची आणली की आधी बाबा तिच्यावर बसून डुलतात. मोठी म्हणाली, "मग माझीही करू या." आणि तिने ठरवले की फी न भरता महिनाभर असे जगायचे, जणू अभ्यासक्रम सुरूच झाला आहे. विद्यापीठाने पाठवलेल्या अभ्यासक्रमातून तिने प्रत्येक आठवड्याची गणिते काढली, आणि ती माझ्यावर मांडायची ठरली, सर्वांना दिसतील अशी. आईला फक्त एकच गोष्ट पाहायची होती, ती म्हणजे झोप.

पहिला आठवडा झोकात गेला. दुसऱ्या आठवड्यात एक गणित माझ्या मधोमध अडकले. मोठी कामावरून येई, जेवे, माझ्यासमोर उभी राही, दोन ओळी लिही आणि पुसे. शेजारच्या काकू भांडे परत करायला आल्या, त्यांनी विचारले, "हे कालचंच आहे ना?" तिसऱ्या आठवड्यात मोठी सोफ्यावर पेन हातात धरूनच झोपली. आईने तो पेन काढून घेतला आणि टोपण लावून ठेवला. उठल्यावर मोठीने तो टोपण लावलेला पेन पाहिला, आणि तेच तिला जास्त लागले.

"जमत नाहीये, बाबा," सकाळी ती म्हणाली. "कळवून टाकते, येत नाही म्हणून."

बाबा बूट घालत होते. "लोड टेस्टला लिफ्ट अडकली तर आम्ही इमारत पाडतो का?"

"बाबा, प्लीज."

"कुठे अडकली ते बघतो. तू बघितलंस का?"

नव्हते बघितले. त्या दिवशी मोठीने रजा घेतली आणि नवे काही न लिहिता, अडकलेले गणित ओळीओळीने मागे तपासत गेली. मी तिच्या इतक्या जवळ होतो की तिचा श्वास मला जाणवत होता. अडचण नव्या विषयात नव्हतीच. कॉलेजात शिकलेले आणि नोकरीत गंजलेले जुने गणित आड येत होते. प्रत्येक ओळीला तिला जुने काहीतरी आठवावे लागत होते, आणि सगळा वेळ त्यातच जात होता. ओझे जड नव्हते, मित्रांनो. ती ते रिकाम्या पोटी उचलत होती.

तिने विद्यापीठाला लिहिले की प्रवेश हवा आहे, पण पुढच्या सत्रापासून. त्यांनी मान्य केले.

"घाबरलीस होय?" आत्या म्हणाली.

"हो. म्हणून तयारी करते."

"मग भाजी आणायचं माझ्याकडे दे. तू टोमॅटो निवडतेस ते तसेही मला बघवत नाहीत."

मग मोठीने जुनी पुस्तके काढली. रोज सकाळी, घर जागे होत असताना, तासभर. माझ्या डाव्या कडेला आत्याची भाजीची यादी असे आणि बाकी सगळा मी मोठीचा. हळूहळू ओळी लांबू लागल्या आणि पुसणे कमी झाले. सत्र सुरू होण्याआधी तिने पुन्हा तशीच महिनाभराची चाचणी घेतली. महिना संपला त्या दिवशी आई माझ्यासमोर उभी राहिली. गणितातले तिला काही कळत नव्हते. तिने मोठीच्या डोळ्यांखाली पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "भर फी."

पुढची अडीच वर्षे सोपी होती असे मी म्हणणार नाही. एका विषयात ती जेमतेम पास झाली. दोन लग्नांना गेली नाही आणि त्यावरून बोलणी खाल्ली. पण ती पडली नाही. झोपेची वेळ झाली की आई माझ्यावरचा दिवा मालवत असे, आणि त्यावर अपील नव्हते.

शेवटी तोंडी परीक्षा आली. बाहेरचे परीक्षक दुसऱ्या देशात होते, म्हणून ती घरूनच द्यायची होती. स्टुलावर पुस्तके, पुस्तकांवर लॅपटॉप, समोर मोठी आणि तिच्या पाठीशी मी. बाकीचे तिघे स्वयंपाकघराच्या दारात, श्वास रोखून. मोठीने आपल्या प्रबंधाचे काम मांडले. विमा कंपनी ग्राहकाला ठरावीक परताव्याचे वचन देते, तर त्या वचनाची किंमत किती, याचे सूत्र. तिचे स्वतःचे.

परीक्षकांनी चष्मा वर सरकवला. "व्याजाचा दर शून्याच्या खाली गेला, तर तुमचं सूत्र काय करेल?"

हा प्रश्न तयारीत नव्हता. मोठी माझ्याकडे वळली. मला वाटले, आता जुनी सवय येणार, दोन ओळी लिहिणार आणि पुसणार.

"कोलमडेल, सर," ती शांतपणे म्हणाली. "सूत्रात दराचा लॉग घेतलाय. शून्याखाली तो घेताच येत नाही. पण दुरुस्त करता येईल. करू का?"

"करा."

तिने लिहायला सुरुवात केली. आधी प्रत्येक दरात एक ठरावीक आकडा मिळवायचा, म्हणजे सगळे दर शून्याच्या वर येतील. त्यावर गणित करायचे. शेवटी तो आकडा परत वजा करायचा. ओळीमागून ओळ उतरत होती, आणि ऐन मध्यावर पेन वाळला. खरखर झाली, उमटले काहीच नाही.

तेव्हा मी एक दृश्य पाहिले, मित्रांनो. माझी आयुष्यभराची कमाई म्हणा ना. आई कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून फरशीवर रांगत आली. साडी सावरत, दातांत नवा पेन धरून. माझ्याखाली येऊन तिने तो हातात घेतला आणि हात वर केला. पडद्यावर फक्त एक हात उगवला असणार. मोठीने पेन घेतला आणि पुढची ओळ लिहिली.

"सहायकांनाही धन्यवाद सांगा," परीक्षक म्हणाले.

मोठीने शेवटची ओळ लिहिली. "दर त्या मिळवलेल्या आकड्याच्याही खाली गेले, तर हेही मोडेल, सर. ती मर्यादा सूत्राशेजारीच लिहावी लागेल." आणि तिने ती लिहिली.

परीक्षकांनी तिला थोडा वेळ बाहेर थांबायला सांगितले. बाहेर म्हणजे स्वयंपाकघर. चौघे ओट्याला टेकून उभे होते. परत बोलावणे आले, मोठी आली, उभी राहिली. ती पास झाली होती, विशेष प्रावीण्यासह. तिने नीट आभार मानले, लॅपटॉप नीट बंद केला, आणि मग आईने जी शिट्टी मारली, ती ऐकून खालच्या मजल्यावरची माणसे बाहेर आली. आई शिट्टी मारू शकते, हे बाबांनाही माहीत नव्हते.

आता मोठी त्याच कंपनीत सूत्रे मांडणाऱ्यांच्या खोलीत बसते. त्या दिवशीचे गणित अजून माझ्यावर आहे, आत्या कोणाला पुसू देत नाही. पाहुणे आले की ती माझ्यासमोर उभी राहून समजावते. समजावते बरेचसे चुकीचे, पण आवाज इतका ठाम असतो की कोणी शंका काढत नाही.

मित्रांनो, आम्हा फळ्यांची एक विनंती आहे. आम्हाला ओल्या फडक्याने पुसा, वाळलेले पेन वेळीच टाका, आणि स्क्रीन आला म्हणून लगेच कपाटामागे ढकलू नका. तुम्हाला काही मोठे करायचे असेल, तर त्याची किंमत आणि त्याचे ओझे मनातल्या मनात ठेवू नका. घरातल्या सर्वांना दिसेल असे आमच्यावर मांडा. चुकले तर पुसता येते. आणि बरोबर आले, तर त्या एका दिवसासाठी भिंतीवर आयुष्य काढावे, इतके ते सुंदर असते.