जानकीबाईंचा आवाज माझ्यापाशी होता

मित्रांनो, मी वडवणीच्या एका बँजो पार्टीतला जुना सॅम्पलर आहे. इथे मला सगळे नुसते 'पॅड' म्हणतात. माझ्या अंगावर नऊ रबरी चौकटी आहेत. एकेकीत एकेक आवाज भरून ठेवायचा आणि काठी बसली की बाहेर काढायचा, एवढेच माझे काम. लग्नसराईत मालक सोमेश्वर मला जिवापाड जपायचा. सराई सरली की मात्र मी कोठीवर धूळ खात पडायचो. उंदरांनी माझी वायर कुरतडली ती तिथेच.

मग सोमेश्वरच्या आईच्या, जानकीबाईंच्या, घशात गाठ निघाली. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी सांगितले की ऑपरेशनने जीव वाचेल, पण आवाज जाईल. हळदीची गाणी म्हणावीत तर जानकीबाईंनीच, असे सारे गाव मानायचे. ऑपरेशनच्या आधी सोमेश्वरने त्यांच्यापुढे माईक धरला.

"काय म्हनू रे?"

"तुला रोज लागंल ते म्हन, आई. आन् करिष्माच्या हळदीला एक गानं."

'सोमा', 'करिष्मा', 'पानी दे', 'जेवलास का' असे त्या बोलत गेल्या आणि मी साठवत गेलो. शेवटच्या चौकटीत नातीच्या हळदीचे गाणे आले. तेव्हा करिष्माला स्थळही पाहिले नव्हते.

ऑपरेशन झाले, आवाज गेला. त्यानंतर बँजोसाठी दुसरा पॅड आला आणि मी जानकीबाईंच्या बाजेशेजारी स्टुलावर राहायला गेलो. आजवर मला काठीशिवाय कोणी शिवले नव्हते. त्या बोट टेकवायच्या आणि अंगणातून करिष्मा "आले, आजी" म्हणत यायची. रागावल्या की 'सोमा'वर बोट आपटत बसायच्या. इतक्या मानाने मी कधीच जगलो नव्हतो.

यंदा करिष्माची हळद ठरली आणि नेमक्या माझ्या दोन चौकटी बिघडल्या. बीडच्या दुरुस्तीवाल्या सिदूने फोनवर बजावले, "आतलं सगळं पुसावं लागंल. आदी कार्डावर उतरून घे, मंग आन."

सोमेश्वरने माझ्यात मेमरी कार्ड घातले. मी पडद्यावर इंग्रजीत विचारले, नुसती मांडणी उतरवू की आवाजांसकट? आवाजांना वेळ लागेल, हेही दाखवले. लाईट जायची वेळ झाली होती. मध्येच गेली तर सगळेच मुसळ केरात, या धास्तीने त्याने चटकन होणारे बटण दाबले. मांडणीत सगळे आले, असे त्याने धरले; तिच्यात होती ती नुसती चौकटींची नावे. मला ओरडून सांगता आले असते तर! पण माझ्यात जे भरतात तेवढेच मी बोलतो.

सिदूने मला पुसले, चौकटी बदलल्या. हळदीच्या दिवशी मांडवात सोमेश्वरने कार्डावरचे परत माझ्यात भरले. नऊही नावे जागच्या जागी उमटली. त्याचा चेहरा खुलला.

"आई, तूच लाव."

जानकीबाईंनी शेवटच्या चौकटीवर बोट टेकवले. काहीच वाजले नाही. त्याने आवाज वाढवला. नुसती घरघर आली. मग त्यांनी एकेक करून साऱ्या चौकटी दाबल्या.

"कावून वाजंना बे?" सोमेश्वरने सिदूला फोन लावला. "नावं तर हायेत."

"मंग तू आवाज उतरवलेच न्हाईस. हलगी, ताशा लागंल तेवढा देतो. म्हातारीचा आवाज कुठून आनू?"

हळद गाण्यावाचून लागली. करिष्मा आजीच्या तोंडाकडे बघत होती. जानकीबाईंचे ओठ हलत होते, गाणे म्हणत होते, आणि काहीच ऐकू येत नव्हते. मला फार वाईट वाटले.

मित्रांनो, आपल्या माणसाचा आवाज उतरवून ठेवलात, तर तो एकदा वाजवून बघा. कानांनी ऐका आणि मगच मूळचा पुसा. नाव दिसले म्हणजे आवाज आला असे नसते.

मी अजून त्या स्टुलावरच आहे. जानकीबाई अजूनही 'सोमा'वर बोट टेकवतात. माझ्या पडद्यावर नाव उजळते. सोमेश्वर समोर असला तर ते वाचून येतो. पाठमोरा असला तर त्या तशाच वाट बघत बसतात.