खिडकीच्या कट्ट्यावरची वस्तू

रक्त तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत हरवलेल्या वस्तूंची जागा ठरलेली होती. पाण्याच्या फिल्टरशेजारचा खिडकीचा कट्टा. सापडलेली वस्तू उघडून नाव दिसतं का पाहायचं, ज्याची त्याला पोचवायची, नाहीतर कट्ट्यावर ठेवायची. ही रीत मोठ्या बाईंनी पाडली, रिपोर्ट टाइपरायटरवर बडवायचे त्या काळात. छत्र्या, डब्यांची झाकणं, एकदा तर कुणाची कवळी. काहीही बेवारस राहिलं नाही याचा बाईंना कोण अभिमान.

त्या सकाळी कट्ट्यावर पेन ड्राइव्ह होता. वर चिकटवलेल्या कागदावर लिहिलेलं, ‘सहलीचे फोटो’.

बाईंनी तो आपल्या खणात टाकला. बाहेरचं काही कॉम्प्युटरला लावायचं नाही, असं लंबूनं सगळ्यांना बजावलं होतं. लंबू म्हणजे तिथले कॉम्प्युटर सांभाळणारा. कुणाला कोणता आजार, हे सगळं त्या कॉम्प्युटरमध्ये होतं. ज्याचा असेल तो येईल शोधत, असं म्हणून बाई कामाला लागल्या.

जेवणाची सुट्टी झाली तरी कुणी आलं नाही. बाईंच्या डोक्यात किडा वळवळू लागला. रिसेप्शनवरच्या मुलीला त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, “सहलीला कोण गेलं होतं गं?”

“इथे रजा मिळाली तर जाणार ना, बाई.”

“काल बाहेरचं कुणी आलं होतं?”

“तो फिल्टरवाला आला होता. दुरुस्तीला बोलावलंय म्हणाला.”

“फिल्टर कधी बिघडला होता?”

“मला वाटलं, तुम्हीच बोलावलंत.”

बाईंनी कुणालाच बोलावलं नव्हतं. त्यांना तो कवळीवाला आठवला. दुपार व्हायच्या आत तोंडावर रुमाल धरून आला होता बिचारा. लाजेनं मेल्यासारखं झालं तरी माणूस आपली वस्तू शोधायला येतोच. इथे साधी चौकशीही नाही. म्हणजे ही वस्तू हरवलेलीच नव्हती, ती मुद्दाम ठेवली होती.

आणि मग त्यांची नजर भाचीकडे गेली. धाकट्या बहिणीची मुलगी. बाईंच्या शब्दावर तिला इथे घेतलं होतं. ऑफिसात ‘बाई’ म्हणायचं, ‘तुम्ही’ म्हणायचं, यात ती कधी चुकली नव्हती. पण आज सकाळपासून नजर चुकवत होती. फिल्टरवाल्याला हिनं तर आत घेतलं नसेल? आपल्याच माणसावर असा संशय घ्यावा लागतोय याची बाईंना शिसारी आली, तरी त्या उठून तिच्या टेबलापाशी गेल्या.

“कालच्या फिल्टरवाल्याला तू ओळखतेस?”

“कोण फिल्टरवाला, बाई?”

“मग माझ्याकडे का बघत नाहीस?”

भाचीचा चेहरा पडला. “मावशी, तू यायच्या आधी मी तो पेन ड्राइव्ह लावून पाहिला. फक्त कुणाचा आहे ते बघायला. पहिल्या दिवशी तूच सांगितलंस ना, उघडून नाव बघायचं. फोटो नव्हतेच गं. काळी चौकट आली आणि गेली. तेव्हापासून कॉम्प्युटर रखडत चाललाय.”

तिचे हात मांडीवर होते, तरी टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या डब्यावरचा दिवा भराभर लुकलुकत होता. बाई वाकल्या आणि त्यांनी भिंतीकडे जाणारी इंटरनेटची वायर ओढून काढली.

“चल, लंबूकडे.”

“नोकरी जाईल माझी. कुणाला कळलेलं नाही अजून.”

“लोकांचे रिपोर्ट कुठे चाललेत ते कळायला नको? रीत माझी होती, हेही सांगू. चल.”

लंबूनं सगळे कॉम्प्युटर बंद केले आणि भाचीच्या कॉम्प्युटरपुढे बराच वेळ मान घालून बसला. काही रिपोर्ट बाहेर गेले होते. बाकीचे वायर काढल्यामुळे वाचले. आपणहून सांगायला आली म्हणून साहेबांनी भाचीला ठेवून घेतलं, पण कॉम्प्युटरवरून उठवून बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवायला बसवलं. घरी बहीण काय म्हणेल, या विचारात बाई परतल्या.

कट्ट्यावर चष्म्याचं घर पडलं होतं. सवयीनं बाईंचा हात पुढे गेला आणि थांबला.

“हे कुणाचं?”

“माझंच की, बाई,” रिसेप्शनवरची मुलगी हसत आली.

बाई हसल्या नाहीत. “आधी उघडून दाखव.”