राहीबाईंची ओळ

काय झालं, काय झालं, म्हणून सगळ्या आळीनं दिपालीला नुसतं भंडावून सोडलं होतं. आता काही झालं असतं तर तिनं सांगितलं नसतं का? नवरा गोरक्षनाथ निर्व्यसनी, देवळाच्या रस्त्यावरचं त्याचं तेला-फुलांचं दुकान बरं चाललेलं. सासू राहीबाई जिभेची तिखट, पण मनात काही ठेवणारी नव्हे. लेक ज्ञानेश्वरी यंदा पहिलीत. बोट ठेवायला कुठं जागा नव्हती. आणि तरी दिवाळीपासून दिपालीच्या अंगातला जीव कुणीतरी उपसून नेला होता. सकाळी उठायचं म्हटलं की रडू यायचं. पोरगी गळ्यात पडली तरी काही वाटायचं नाही, आणि काही वाटत नाही याचीच इतकी शरम वाटायची की मेलेलं बरं.

शिंगणापुरातल्या माणसांना दुसरं काय सुचणार? साडेसाती. चार शनिवार तेल वाहून झालं, उपास झाले. मग गोरक्षनाथ तिला नगरला घेऊन गेला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, नैराश्य. गोळ्या दिल्या, गुण यायला तीन-चार आठवडे लागतील म्हणाले, आणि बजावलं, "यांना एकटीला सोडू नका."

एकटीला सोडायचं म्हटलं तरी सोडणार कसं, सांगा बरं. त्या गावात घरांना दारंच नाहीत. चौकट असते, पडदा असतो, रात्री कुत्रं शिरू नये म्हणून आडवी फळी असते. देव राखतो, म्हणून कडीकुलूप कुणी करत नाही. शेजारीण सरळ अंथरुणापाशी येऊन उभी राहायची, "काय गं, पडलीस व्हय अजून?" एक दार असतं, फक्त एक, तर धड रडता तरी आलं असतं, असं दिपालीला वाटायचं. उशीत तोंड खुपसून रडणंसुद्धा राहीबाईंना चुलीपाशी ऐकू जायचं.

या सगळ्यात तिला धरायला एकच गोष्ट होती, आणि ती सांगितली तर लोक हसले असते. एक कविता. सोनईच्या शाळेत नववीला असताना रामहरी सरांनी ती फळ्यावर लिहिली होती. पुस्तकातली नव्हे, सरांची स्वतःची. बायको गेल्यावर सर महिनाभर शाळेत आले नव्हते, आणि आले त्या दिवशी हजेरीसुद्धा न घेता त्यांनी ती लिहिली. आठच ओळी. वर्गातल्या पोरी खिदळल्या. दिपालीनं मात्र ती उतरवून घेतली आणि पाठ केली, आणि आता पंधरा वर्षांनी रोज सकाळी डोळे मिटून ती पुटपुटायची. आठ ओळी संपेपर्यंत पाय जमिनीला लागायचे.

पाणी आटलं तरीही
नदी नदीच राहते
वाळू उकरून बघ
खाली ओल सापडते

नको विचारू नदीला
कुठे गेलं तिचं पाणी

आणि इथं, गेल्या महिन्यापासून, ती अडकायला लागली. सातवी ओळ येईना. शेवटची यायची, 'नको आज तिला गाणी', पण मधली गेली ती गेलीच. वही कधीच रद्दीत गेलेली. सर वारून सहा वर्षं झालेली. कविता कुठं छापलेली नव्हती, म्हणजे साऱ्या दुनियेत ती ओळ ठाऊक असलेली दिपाली एकटीच, आणि तिलाच आठवेना. रोज सकाळी तिथपर्यंत यायचं आणि धपकन खाली पडायचं. आपल्याकडं एवढंच उरलं होतं, तेही चाललं, असं तिला वाटलं. त्या दिवसापासून तिनं बरं वाटायची वाट बघणं सोडून दिलं.

राहीबाईंनाच काय सुचलं कोण जाणे. एका दुपारी म्हणाल्या, "गोरक्ष, हिला चार दिस माहेरी सोड. आईपाशी मन मोकळं हुईल." सोनई काय लांब नाही. दिपालीची आई लंकाबाई घरात असणार, म्हणजे डॉक्टरांचा शब्दही मोडत नव्हता. गोरक्षनाथनं तिला मोटरसायकलवर नेऊन सोडलं. राहीबाई आणि गोरक्षनाथ दोघं भली, पण एक गोष्ट त्यांच्या ध्यानातच आली नाही. सोनईच्या घराला दारं होती, आणि दारांना कड्या.

दिपालीच्या ध्यानात आली होती. पहिल्याच दिवशी ती आतल्या खोलीत गेली आणि कडी लावली. किती सोपं होतं ते. लंकाबाई बिचारी, लेकीला आराम मिळतोय म्हणून घरात पाऊल न वाजवता चालत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी दिपालीनं ठरवलं, आज. ठरवल्यावर तिला भीतीसुद्धा वाटली नाही, नुसतं हलकं वाटलं. बाहेर आईचा फोन वाजला.

"व्हय, बरी हाय," लंकाबाई फोनवर सांगत होती. "आतून कडी लावून पडलीय. तीन दिस तेच. पडू द्या, काही घाई न्हाई."

फोन तिकडून धाडकन बंद झाला असावा, कारण लंकाबाई दोनदा "हॅलो, हॅलो" म्हणाली.

दिपाली भिंतीला टेकून बसली. म्हटलं, एकदा शेवटचं म्हणून बघू. म्हटली. सातव्या ओळीपाशी अडकली. पुन्हा म्हटली. पुन्हा अडकली. किती वेळ गेला तिला कळलं नाही. मग अंगणात रिक्षा थांबली, आणि दाराबाहेर कुणीतरी मटकन बसल्याचा आवाज आला. दम लागलेला होता. दार वाजवलं नाही. जन्मात कुणाचं दार वाजवलंच नव्हतं, तर राहीबाईंना ते सुचणार कुठून?

"दिपाली," त्या म्हणाल्या. "म्या हाय."

दिपालीनं पाय पोटाशी ओढून घेतले.

"नको बोलू. म्या बोलते." आणि त्या म्हणायला लागल्या. "पानी आटलं तरीबी, नदी नदीच ऱ्हाती..."

सासूला अक्षर वाचता येत नव्हतं. रोज सकाळी चुलीपुढं बसून त्या ऐकत होत्या तर. एकेक ओळ, जपून, भाकरी तव्यावर टाकावी तशी. "नको इचारू नदीला, कुठं गेलं तिचं पानी. तिला जेवू घाल बाई, नको आज तिला गानी."

"तसं न्हाई ते," दिपालीच्या तोंडून गेलं. तिचा तिलाच राग आला, सासूचाही आला. कित्येक महिन्यांत तिला कशाचा राग आला नव्हता. "नदी कुठं जेवती का आत्या? काहीपण घालता."

"मंग काय हाय तिथं? तू रोज तिथंच अडतीस. म्हनून म्या माझं घातलं."

"तिला बसू दे उन्हात," दिपाली म्हणाली.

म्हणाली, आणि तोंडावर हात धरला. ओळ आली होती. तिला हुंदका फुटला, मोठा, लाज सोडून, आणि दारापलीकडून कुणी "रडू नको" म्हणालं नाही.

"आत्या, मला जगावंसं वाटत न्हाई," ती म्हणाली. आजवर हे तिनं नवऱ्याला सांगितलं नव्हतं, डॉक्टरलाही नाही.

"ठावं हाय मला. चार म्हयनं ऐकतीया."

"मग मला इकडं का धाडलं?"

लंकाबाई मागं भिंतीला धरून उभी होती, तिचं मुसमुसणं आत ऐकू येत होतं.

"चुकलं माझं," राहीबाई म्हणाल्या. "मला वाटलं, आईच्या घरी मोकळं रडशील. कडीचं माझ्या ध्यानातच न्हाई आलं गं. आपल्यात असती कुठं ती? आत्ता फोनवर ऐकलं आन् काळजात चर्र झालं. उघड न्हाईतर नको उघडू, म्या हितंच हाय. पर खरं सांग, आत काय करायचं ठरवलंतं?"

दिपालीनं खरं सांगितलं. सांगून झाल्यावर तिला उठवेना. ती तशीच सरकत दारापाशी आली आणि बसल्या बसल्या हात वर करून कडी काढली.

राहीबाईंनी तिला पोटाशी धरलं नाही की काही नाही. घामेजलेल्या, पदर सुटलेल्या, त्या उठल्या आणि म्हणाल्या, "लंकाबाई, गोरक्षला फोन करा, आत्ताच नगरला जायचं म्हनावं. आन् ही कडी काढायला घरात काही हाय का?"

लंकाबाईनं शिलाई मशीनच्या डब्यातला पेचकस आणून दिला. राहीबाई दाराशी झटायला लागल्या. चार स्क्रू होते. त्या जोर लावून फिरवत होत्या, आणि स्क्रू आणखीच घट्ट बसत होता.

"उलटा फिरवा, आत्या," दिपाली खाली बसूनच म्हणाली.

फिरवेना त्यांना. पेचकस खाचेतून सारखा निसटत होता. दिपाली भिंतीचा आधार घेत उठली, त्यांच्या हातातला पेचकस घेतला आणि पहिला स्क्रू सैल केला.